काळ्या चौकोनाबद्दल नेव्हिलमामांना

लॉन्सेस्टन, रविवार

प्रिय नेव्हिलमामा,

रोवीनाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, आणि जिना चढताना अजून शिव्या देता का, तेही कळवा. आधी जे झालं ते क्रमाने मांडते, म्हणजे मी कोणाची बाजू घेतली असं होणार नाही.

१. मंडळाच्या कॅलेंडरच्या मुखपृष्ठासाठी होबार्टच्या ग्लेनिसबाईंनी एका फ्रॅक्टलचे, म्हणजे गणितातून उमटणाऱ्या नक्षीचे, आकडे पाठवले.
२. बाबांनी ते लिनक्सवर उघडले. शंख आला.
३. तुम्ही मॅकवर उघडले. शेपट्यांची माळ आली.
४. दोघांनी एकमेकांना लबाड म्हटलं.
५. आईने भाजलेला स्कॅलप-पाय (शिंपल्यांच्या सारणाची पेस्ट्री) ताटात अर्धा टाकून तुम्ही डेव्हनपोर्टला निघून गेलात.

आपल्या मंडळात आधी चित्र कोणी पाठवत नाही. आकडे पाठवायचे आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रावर चित्र उगवून घ्यायचं. रंग हवे ते द्या, आकड्यांना हात लावायचा नाही. (रंग बदलणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो. आकडे बदलणाऱ्याला काहीच म्हणत नाही, त्याच्याशी बोलणं बंद करतो.) त्यामुळे बाबांचा आरोप तुम्हाला का लागला हे मला समजतं. पुढचं समजत नाही. मॅक म्हणजे झाकण शिवलेला डबा, असं बाबा म्हणाले. लिनक्सवाल्याचं अर्धं आयुष्य यंत्र दुरुस्त करण्यात जातं आणि उरलेलं ते लोकांना सांगण्यात, असं तुम्ही म्हणालात. दोन्ही खरं आहे, पण त्याचा शंखाशी संबंध नाही.

मी तेच आकडे ऑफिसच्या विंडोजवर उघडले. अर्ध्यावर यंत्राने न विचारता स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या खेपेला नेच्याचं पान आलं. तिसरंच काहीतरी. मग मी आकड्यांकडे नीट पाहिलं. दशांश चिन्हानंतर त्यांची शेपटी फार लांब होती. एका प्रोग्रामने ती कापली, दुसऱ्याने जवळच्या आकड्यावर आणली, तिसऱ्याने काय केलं ते सांगितलं नाही. नक्षीत इतकं खोल शिरल्यावर शेवटचा एक आकडा हलला तरी आपण भलत्याच ठिकाणी पोचतो. म्हणजे तुम्ही दोघंही खरं बोलत होता, फक्त वेगवेगळ्या जागी उभे राहून.

शेवटी एकही आकडा न सोडणारा प्रोग्राम मिळवला. बऱ्याच वेळाने त्याने उत्तर दिलं: काळा चौकोन. संपूर्ण काळा. मी ग्लेनिसबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मी चुकीची ओळ पाठवली होती. नंतर लक्षात आलं. पण दोघांनी एवढी सुंदर चित्रं पाठवली, मग सांगायचं जिवावर आलं."

कामावर धरणाच्या भिंतीच्या मोजमापात अशी तफावत आली की मी अहवालात नोंदवते आणि घरी जाते. ही मात्र कुठल्या रकान्यात लिहावी ते कळेना, म्हणून बाबांना सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे नेव्हिलने काही केलं नव्हतं." तुमचं चित्र ग्लेनिसबाईंकडून पुन्हा मागून घेतलं, बघितलं, आणि म्हणाले, "शेपट्या बऱ्या आहेत. पण डावीकडच्या त्याने कापल्या कशाला?"

डावीकडच्या कापलेल्या नव्हत्या.

आपली,
रोवीना

ता. क. माफीचा विषय मी काढलेला नाही, तुम्हीही काढू नका. मुखपृष्ठ काळंच ठेवावं असं मंडळाचं मत पडतंय. ग्लेनिसबाई विरोधात आहेत.

ता. क. २. मी बाबांना त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याची भीती नाही, डाव्याचा पडदा सुटला आहे. बुधवारी शस्त्रक्रिया आहे. नंतर त्यांना काही दिवस पालथं पडून राहायचं आहे, मान वर करायची नाही. आई म्हणाली, मी बसेन शेजारी. बाबा म्हणाले, "तू बसशील गं, पण तू माझं सगळं ऐकून घेतेस. मी भांडू कोणाशी, उशीशी?" तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. पाहुण्यांची खोली मात्र स्वतः झाडली, आणि भिंतीला हात लावत लावत झाडली.

मॅक आणलात तरी चालेल. येणार की नाही ते मंगळवारपर्यंत कळवा.