थंड पाण्यातलं बीट

सोमवार, सकाळ
गुरुवारी मुख्याध्यापिका तास बघायला बसणार. विज्ञान विभागप्रमुख कोण, ते त्यावर ठरणार. म्हणजे मीच. नवी मॅडमही रांगेत आहे, पण तिला खडू धरून वर्ष झालेलं नाही. विषय: पेशीपटलातील मेद. देवाची करणी बघा, पेशीला कुंपण दिलं ते चरबीचं. मेदाच्या रेणूंचे दोन पदर, डोकी पाण्याकडे, शेपट्या आत दडवलेल्या. कुलूप नाही, रखवालदार नाही, तरी आतलं आत, बाहेरचं बाहेर. हे वाक्य वर्गात म्हणायचं. आवाज खाली आणून.

मंगळवार
प्रयोग ठरला. बिटाच्या फोडी थंड पाण्यात टाकल्या तर रंग आतच राहतो. उकळत्या पाण्यात मेदाचं पटल फाटतं, पाणी लाल. करून बघायची गरज नाही. मग अनुभव कशासाठी?

संध्याकाळी फोडी चिरून, धुऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या. आयत्या वेळी धावपळ नको. बायको म्हणाली, फ्रीझरमध्ये कशाला, खाली ठेवा की. म्हटलं, जितकं थंड तितकं ताजं. ती पोळ्या लाटायला वळली. पटलं असावं.

बुधवार
संकल्प: उद्या चिडायचं नाही. मॅडमने विचारलं, प्रयोग एकदा करून बघितलात का. म्हटलं, देवावर भरवसा असला की पुरतं. हसली. मत्सर, दुसरं काय. प्रमुख झाल्यावर तिला सांभाळून घेईन.

गुरुवार, मधली सुट्टी
सत्यानाश. गरम राहू दे, थंड पाणीच आधी लाल. नळाच्या पाण्याला दोष दिला, पाणी बदललं. पुन्हा लाल. मग भाजीवाल्याला दोष दिला. घाबरून ठेवणीतलं वाक्य म्हणून टाकलं: आतलं आत, बाहेरचं बाहेर. पोरं बाकांवर लोळायची बाकी राहिली.

मुख्याध्यापिकेने मागे बसलेल्या मॅडमकडे बघितलं. मॅडमने हळूच विचारलं, "सर, बीट फ्रीझरमध्ये होतं का?"

"थोडा वेळ," मी म्हटलं.

मग तिने सांगितलं की पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो, त्याची टोकं पटलाला भोकं पाडतात, मग रंग थांबणार कसा. पोरांनी न सांगता वहीत लिहून घेतलं. माझ्या तासाला कधी घेत नाहीत.

शुक्रवार
विभागप्रमुख मॅडम. एका अर्थी बरंच झालं, वाचनाला वेळ मिळेल. आमचा फ्रीझर जरा जास्तच थंड करतो, मेकॅनिकला दाखवायला हवा. देवाकडे काय मागितलं होतं, ते आता लिहीत नाही.

जेवायला उरलेलं बीट. वाढताना बायको म्हणाली, "खाली ठेवा म्हटलं होतं ना हो?"

बिटाचं पाणी भातात शिरलं, भातातून भाजीत. आतलं आत नाही, बाहेरचं बाहेर नाही. सगळं एकत्र कालवून जेवलो.