मालकाची नोकरी

५ जानेवारी

बँकेतल्या बाईंनी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, घरमालक आहे. "ते कळलं हो, पण काम?"

घ्या! वीस वर्षं कारकुनी केली तेव्हा कुणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात राजीनामा दिला, आता भाड्यावर निवांत बसायचं म्हणून, तर लगेच हा प्रश्न.

ताईला तिचा घरातला हिस्सा जूनच्या आत पैशात हवाय. ती मुलाकडे कायमची चालली आहे. भांडण नाही, तंटा नाही. पण मी देऊ शकलो नाही तर ती तिसऱ्याला विकणार, आणि मग बाबांनी बांधलेल्या या घरात मधोमध भिंत. कर्ज हवंच. आणि बँक म्हणते, नुसतं भाडं धरत नाही, पगार दाखवा.

ही म्हणाली, "कर्ज होईपर्यंत थांबा म्हटलं होतं ना?" म्हणाली होती.

१२ जानेवारी

नोकरीसाठी चार ठिकाणी जाऊन आलो. चौघांनीही वय विचारलं. पाय दुखतात.

१९ जानेवारी

खालच्या दुकानातला लाँड्रीवाला — आपलाच भाडेकरू — म्हणाला, काउंटरला माणूस हवाय, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटलं, मी आहे.

तो हसला नाही. बराच वेळ बाही दुमडत राहिला.

१ फेब्रुवारी

पहिला दिवस. कपडे मोजायचे, खिसे तपासायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची. तो मला मालक म्हणतो, मी त्याला शेठ. गिऱ्हाइकं गोंधळतात.

दुपारी ही पडदे घेऊन आली. पूर्ण पैसे घेतले तिच्याकडून! मीच घेतले.

१ मार्च

आज गंमत झाली. पगाराची पावती काउंटरच्या आत उभं राहून घेतली. मग त्याला भाड्याची पावती द्यायची होती, तर आपोआप बाहेर जाऊन उभा राहिलो. देऊन परत आत. दोघांनाही हसू आलं. रात्री मात्र हिला सांगताना नाही आलं.

१४ मार्च

बँकेतल्या बाई म्हणतात, पगार ठीक, पण भाडं फार कमी आहे. मागच्या दोन खोल्यांचं तर तुटपुंजंच. दुकानाचा करार बाजारभावाने नव्याने करून आणा.

शेठला कसं सांगायचं? संध्याकाळी शटर ओढताना सांगितलं. तो म्हणाला, "घर वाचतंय ना मालक? मग करू." एवढंच.

२० मार्च

करार झाला. भाडं जवळजवळ दीडपट. एका महिन्याच्या सूचनेवर जागा रिकामी करून घेता येईल असं कलम मी घालायला लावलं. मालकाने सावध असावं. दोन्ही बाजूंना सारखंच लागू, असं वकील म्हणाला. त्यात काय मोठंसं.

शेठने न वाचता सही केली. मला ते आवडलं नाही. का, कळत नाही.

१८ एप्रिल

चिडचिड. कुणाच्या तरी कोटाला भलतीच चिठ्ठी टाचली. शेठ सगळ्यांसमोर बोलला. बरोबरच बोलला. तरी मनात आलंच — माझ्याच दुकानात!

ही म्हणते, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला निघाला होतात, आता पीठ दळा.

२८ मे

कर्ज मंजूर! ताईच्या खात्यात पैसे गेले. ती फोनवर रडली. मीही. घर अख्खं राहिलं. आता दर महिन्याचा हप्ता, तो दुकानाच्या भाड्यातून निघेल. नोकरी महिनाअखेरीस सोडेन म्हणतो. थकलोय फार. झोपतो.

३० मे

शेठ आज पहिल्यांदाच जिना चढून वर आला. चहा घेतला. वाढीव भाडं झेपत नाही म्हणाला. समोरच्या रस्त्यावर गाळा मिळालाय. कर्ज होईपर्यंत थांबला होता. करारात आहे तशी एका महिन्याची सूचना द्यायला आलाय.

मी बोटांवर हप्ता मोजत राहिलो. त्याला वाटलं, मी दुसऱ्याच काळजीत आहे. दारात थांबून म्हणाला, "घाबरू नका मालक. तुमची नोकरी पक्की आहे."