मावशीची पन्नासची फळी

३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मापाची फळी पोचली. तीस वर्षं तू जिच्या भोकांतून सिगार घालून जाडी पाहिलीस, ती आता माझ्या टेबलावर आहे. त्यामुळे मी जरा तोऱ्यातच आहे!

शनिवारी परीक्षा. सरळ घाटाच्या पन्नास सिगार वळायच्या. लांबी पाच इंच, जाडी पन्नास, म्हणजे इंचाच्या चौसष्ट भागांतले पन्नास. पास झाले की निमुळत्या सिगारच्या टेबलावर बढती. काकांचे गुडघे काय म्हणतात?

लोभ आहे तसाच ठेव, फळीसारखी पत्रंही पाठव.
तुझी,
भिंगरी

१० जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नापास. तुझ्या फळीतून सगळ्या अलगद गेल्या, कारखान्याच्या पोलादी फळीत पन्नासच्या पन्नास अडकल्या. जाडी बावन्न भरली. चोवीसला शेवटची संधी. हुकली तर खोकी भरायच्या खोलीत रवानगी. रागावू नकोस, पण माझा हात चुकतोय की तुझी फळी?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी पारा चढला. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं, तर ते नुसते चष्मा पुसत बसले. नवरा एवढा वेळ चष्मा पुसायला लागला की समजावं, पोटात काहीतरी आहे.

खोदून विचारल्यावर बोलले. भोकात तंबाखूचा चीक साचू नये म्हणून मी दर शनिवारी पॉलिशपेपर फिरवायची ना, त्यानं पन्नासचं भोक बावन्नचं झालं होतं. आमच्याच कारखान्यात, वळलेला माल मापाप्रमाणे वेगळा करायच्या छाननीच्या टेबलावर बसणाऱ्या या माणसाला ते नऊ वर्षं ठाऊक होतं! रोज संध्याकाळी माझा माल मुकाट्यानं बावन्नच्या खोक्यात टाकायचे. म्हणाले, सगळ्या केसभरही फरक नसलेल्या, एकसारख्या असायच्या; मग हात कशाला बदलायचा, खोकं बदललं.

दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मलाच हसू आलं. तुझ्याही पन्नास एकसारख्या जाड निघाल्या, म्हणजे हात आपल्याच घरचा आहे. पोलादी फळी घे आणि बिनधास्त वळ. माझी फळी चुलीत घाल.

काकांचे आशीर्वाद. गुडघे ठीक, चष्मा लख्ख.
तुझी,
मावशी

२६ जून

ती. मावशीस आणि काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पास! पन्नासांतल्या एकोणपन्नास बरोबर. एकीनं दगा दिला, तिला दृष्ट लागली म्हणायचं.

आजपासून निमुळत्या सिगारच्या टेबलावर आहे. यांना दोन्हीकडे टोक आणि मधे पोट. नावं म्हणशील तर प्रत्येक कारखाना आपापली ठेवतो, पण इथे माप पोटाचं घेतात आणि ते हवं बरोबर बावन्न. मी तुझी फळी काढली, पोलादीच्या बावन्नच्या भोकाशी ताडून पाहिली. केसाचाही फरक नाही. तुझा पन्नासचा आकडा तसाच ठेवलाय, खाली पेन्सिलनं बावन्न लिहिलंय. पॉलिशपेपर मात्र आता बंद.

काकांना सांग, यापुढे खोकं बदलायची गरज नाही.

तुमच्या मायेच्या मापातली,
भिंगरी