टॅक्टफुल की पॉलिटिक?

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. डायरीत रोज हवा कशी होती आणि कोण भेटायला आलं, एवढंच लिहिते. आज मात्र आईनं जे सांगितलं ते डायरीत लिहून भागेना, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

बी.ए.ला असताना मी एका निबंधात 'पॉलिटिक' हा शब्द घातला होता, आठवतं? 'टॅक्टफुल'चाच भारदस्त भाऊ समजून! शाळेत दिवसभर इंग्रजी शिकवून आलेले तुम्ही, अंगातला कोटही न काढता समजावत बसलात. दोन्ही शब्द जपून बोलणाऱ्याचेच. पण टॅक्टफुल माणूस समोरच्याचं मन जपतो आणि पॉलिटिक माणूस आपलं कशात भलं आहे ते आधी पाहतो. हेडमास्तरांचं इंग्रजी चुकलं तर गप्प बसणं पॉलिटिक.

मग तो वाईट शब्द का, असं मी विचारलं.

"नाही. फक्त आपण कुणाला जपतोय, ते आपल्याला ठाऊक असावं."

आता आशा नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं, त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "स्वल्प सूज आहे, उतरेल." तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "टॅक्टफुल, की पॉलिटिक?" मी उशी सारखी करत राहिले. "सरी," म्हणालात, कानडीतलं आपलं नेहमीचं 'बरं', आणि जयनगरच्या नव्या घरात नळाला पाणी येतं का, ते विचारू लागलात.

शेवटच्या संध्याकाळी वॉर्डच्या दारातून मी म्हटलं, "येते, अण्णा." आयुष्यभर आम्हाला कधी 'जाते' म्हणू दिलं नाहीत, आणि त्या दिवशी म्हणालात, "जा." मला वाटलं, ग्लानीत बोललात.

आज तांदूळ निवडता निवडता आईनं सांगितलं की तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. सुमाला कळू देऊ नकोस, मोठ्या धीरानं खोटं बोलते आहे, तो धीर मोडेल, असं तुम्ही तिला बजावलं होतंत. मी ऐकलं आणि खडे काढत राहिले. मी तुम्हाला जपत होते, की तुमच्यासमोर रडायला लागू नये म्हणून स्वतःला? आणि तुमचं, अण्णा? तुमचं यातलं कोणतं होतं? जन्मभर माझ्या चुका दाखवल्यात, हीच तेवढी का सोडलीत?

थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून आई म्हणाली, "माझ्या वेळेला मात्र मला सांग हं. तुमचं ते इंग्रजी नको मध्ये."

सांगेन. उशी सारखी करत बसणार नाही. तिचा हात धरून सांगेन.

येते.

तुमची
सुमा