फुकट बसायच्या जागा

बेलमाँट, पोर्ट ऑफ स्पेन
रविवार, १ मार्च १९९८

प्रिय इस्मे,

देवाची कृपा तुझ्यावर आणि मुलांवर राहो. राखेच्या बुधवारी मिस्साहून घरी आले, कपाळावरची राख तशीच होती, तेवढ्यात पोस्टमनने तुझं पत्र हातात दिलं. ते दारातच उभ्याने वाचलं. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावोजींचा, विल्फ्रेडचा, गुडघा कुरकुरतो, पण पेन्शन आणायला चालत जातो. उपासाचा काळ म्हणून घरात मांस बंद आहे, आणि त्याची कुरकुर गुडघ्यापेक्षा जास्त आहे. आमचा अँसेल्म हल्ली बराच वेळ बाहेर असतो. त्याचं तू आलीस की बोलू.

ईस्टरला मुलांना घेऊन येतेस हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! "ताई, हात आखडता आहे, फुकटात नाहीतर चार पैशांत मुलांना काय दाखवता येईल ते लिही, एकेका सेंटचा हिशेब तुझ्याइतका कोणी ठेवत नाही," असं लिहिलंस. ही स्तुती की टोमणा, ते तूच जाणे. तरी लिहिते.

पहिलं म्हणजे सव्हाना. एवढं मोठं मैदान आणि पैसा लागत नाही. तुम्ही याल तेव्हा वारा असेल, पतंगांनी आभाळ भरलेलं असेल. पतंग विकत घेऊ नकोस, विल्फ्रेड बांबूच्या कामट्यांचे करून देईल. मोठ्या हवेल्यांच्या समोरच्या बाजूला एक जुनं, सामान जातीचं पसरट झाड आहे, त्याखालच्या बाकावर बस. बाकीच्या बाकांवर दुपारी ऊन येतं, याच्यावर येत नाही. शेजारच्या नारळवाल्याकडे पाणी पिऊन झालं की शहाळं फोडून माग. मलई त्याच पैशांत मिळते, पण मागितल्याशिवाय तो देत नाही.

मैदानापलीकडची वनस्पतींची बाग फुकट आहे. संध्याकाळी पहारेकरी शिट्टी वाजवून माणसं बाहेर काढतो, पण बांबूच्या बेटाकडे फिरकत नाही. संग्रहालयही फुकट, आत गार वाटतं. मागच्या चित्रांच्या दालनात कितीही वेळ बसा, डुलकी लागली तरी तिथली बाई उठवत नाही. वुडफर्ड चौकात राजकारणावर भांडणारे म्हातारे असतात, तो तमाशाही फुकट. चौकातल्या नळाचं पाणी सकाळी चांगलं येतं, दुपारी गंजाचं. धक्क्यावर कुंपणाशी उभं राहून टोबॅगोची बोट येताना पाहता येते, कोणी हाकलत नाही. कॅथेड्रलचं बाजूचं दार दिवसभर उघडं असतं, शेवटच्या बाकावर पंख्याचा वारा लागतो.

खायचं म्हणशील तर चौकाच्या कोपऱ्यावर रामसरनचे डबल्स. तळलेल्या पोळ्या मऊ, आतले चणे नीट शिजलेले, आणि माणूस हाताने स्वच्छ. त्याच्यापाशी माझं नाव मात्र काढू नकोस.

आणखी एक. गुड फ्रायडेला मुलांना बोबोलीचा पुतळा बडवायला नेऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझी,
क्लोथिल्डा

~

बेलमाँट
रविवार, २२ मार्च १९९८

प्रिय इस्मे,

या पाकिटावर एक्स्प्रेस टपालाचं महागडं तिकीट लावलं आहे. तू मला ओळखतेस. त्यावरूनच काय ते समज.

तुझं उत्तर शुक्रवारी आलं. "ताई, घर, चर्च आणि बाजार यांपलीकडे तू कधी पाऊल टाकलं नाहीस. कुठल्या नळाला कधी गंज येतो आणि कुठली बाई डुलकीतून उठवत नाही, हे तुला कोण सांगतं? म्हातारपणी कुणाला भेटायला जातेस की काय?" वाचून विल्फ्रेड हसला. दोन वर्षांत त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग एकदम उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

हो, भेटायलाच जाते. अँसेल्मला.

तो घरी राहत नाही, इस्मे. गेल्याच्या गेल्या वर्षी बंदरातली कारकुनी सुटली. सुटली म्हणजे त्याने सोडली. गोदामातले लोक भिंतीआडून आपल्याबद्दल बोलतात, असं म्हणायला लागला. मग शेजारी बोलायला लागले, मग रेडिओ. आणि मग मी. आई जेवणात औषध घालते, असं त्याने मनाशी धरलं. माझ्या हातचा कॅलालू, भात, साधा चहासुद्धा बंद. स्वतः पाव आणायचा आणि माझ्याकडे पाठ करून खायचा. एका सकाळी उठून बघते तर खोली रिकामी, अंथरुणाची घडी नीट घातलेली.

तो गोळ्या घेईना तेव्हा दवाखान्यातली नर्स मला म्हणाली होती, "आई, गोळी कुस्करून सूपमध्ये टाका की. कळायचंसुद्धा नाही." मी नाही म्हटलं. माझ्या लेकराला फसवून मी घास भरवणार नाही, देवाला काय तोंड दाखवू, असं तिला तोंडावर सांगितलं. तिने खांदे उडवले. एवढं तरी माझ्या पदरात होतं बघ. तो काहीही म्हणो, मी कधी काही घातलं नाही.

तो भीक मागत नाही, कुणाला त्रास देत नाही. म्हणून कोणी काही करतही नाही. विल्फ्रेड पोलिसांकडे गेला होता. परत येऊन म्हणाला, "मोठा माणूस आहे तो, क्लो. काय तक्रार लिहू? मुलगा बाकावर बसतो म्हणून?"

तर मी त्याच्या मागे फिरायला लागले. तो जिथे बसतो त्या जागा मी तुला लिहिल्या. मला बघितलं की तो उठतो. रागाने नाही, एखाद्या वयस्कर बाईला जागा द्यावी तसा उठतो आणि चालू लागतो. म्हणून मी लांब बसायला शिकले. त्या सामानच्या झाडापासून थोडं पुढे एक दुसरं बाक आहे, उन्हातलं. तिथे बसून मी माळ जपते. तिथून त्याची पाठ दिसते.

रामसरनचं आता सांगते. वर्षभर सकाळी अँसेल्म त्याच्याकडे डबल्स खायचा आणि पैसे मी भरायचे. रामसरनने त्याला सांगून ठेवलं होतं, "दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक फुकट, असा माझा नवस आहे." अँसेल्मला ते पटलं. दुसऱ्याच्या देवाचा मान ठेवायला मीच त्याला शिकवलं होतं. आठवड्याला मी पैसे द्यायला गेले की रामसरन चेष्टा करायचा, "मावशी, तुझा पोरगा बरणीतलं निम्मं तिखट एकटा संपवतो. त्याचे वेगळे लावू का?" मी म्हणायची, "लाव की मेल्या, आणि वर जाऊन हिशेब दे." असे आम्ही दोघं हसायचो. मला वाटायचं, माझ्या पोराचं पोट भरतंय ना, मग एवढं हसायला हरकत नाही.

गेल्या पंधरवड्यात रामसरन पुतणीच्या लग्नाला चगवानासला गेला आणि गाडीवर मेहुण्याला बसवून गेला. परत आल्यावर स्वतः माझ्या दारात आला. आत या म्हटलं तरी येईना.

"मावशी, घात झाला. अँसेल्म आला, म्हणाला, 'दोन, तिखट भरपूर.' खाता खाता खिसे चाचपायला लागला. पहिला नव्हता ना त्या दिवशी, त्याच्या आधी दोघं खाऊन गेले होते. आणि आमचा हुशार मेहुणा त्याला म्हणतो, 'खा रे राजा, खिसे कशाला चाचपतोस? तुझी आई भरून ठेवते की पैसे!'"

"मग?"

"मग काय. तोंडातला घास काढून कागदात ठेवला. कागदाची घडी घातली. मेहुणा म्हणतो, ओरडला असता तर बरं वाटलं असतं."

"काही बोलला?"

रामसरन चपलेकडे बघत राहिला. "म्हणाला, 'म्हणजे खरंच होतं.' आणि गेला."

आता सांग, मी काय करू? गोळी मी घातली नाही, पण घास माझाच होता आणि दुसऱ्याच्या हाताआड लपून दिला होता. तो जे म्हणत होता ते मी खरं करून ठेवलं. फादरकडे पापनिवेदनाला गेले तर ते म्हणाले, "बाई, यात पाप कसलं?" पाप असतं तर प्रायश्चित्त तरी मिळालं असतं. तशीच उठून आले.

त्या दिवसापासून तो कुठेच दिसत नाही. बाकावर नाही, चित्रांच्या दालनात नाही. पहारेकऱ्याला विचारलं, तर म्हणतो, "तो शांत पोरगा? नाही आला, आई." धक्क्यावर गेले, कॅथेड्रलच्या शेवटच्या बाकाशी गेले. विल्फ्रेड गुडघा धरून लावेंतीलच्या टेकडीवर मारियेच्या मंदिरापर्यंत चढून आला. घरी आला आणि पतंगाच्या कामट्या तासायला बसला, तुझ्या मुलांसाठी.

बोबोलीचंही आता लिहून टाकते. गेल्या गुड फ्रायडेला शार्लट रस्त्याच्या कोपऱ्यावर अँसेल्मसारख्या निळ्या शर्टातला एक माणूस भिंतीला टेकून पडलेला दिसला, आणि चार पोरं त्याला काठ्यांनी मारत होती. मी किंचाळत धावले, अंगावर पडून त्याला मिठी मारली. आत नुसतं गवत. पोरं म्हणाली, "मावशे, अगं यहूदा आहे तो! त्याला कशाला वाचवतेस?" सगळा रस्ता हसला. मीही हसले. करणार काय?

तू चार एप्रिलला, शनिवारी येशील. त्याची नेनेन, धर्ममाता आहेस तू, बाप्तिस्म्याला तुझ्याच हातात होता तो. त्याने तुला अकरा वर्षांत पाहिलेलं नाही. माझ्या चालण्याचा आवाज त्याला लांबून कळतो, तुझा कळणार नाही. तेवढ्यासाठी, मी लिहिल्या त्या सगळ्या जागी मुलांना घेऊन जा. नुसतं फिरायचं म्हणून जा. मुलांना दंगा करू दे. तो दिसला तर लगेच जवळ जाऊ नकोस. पतंग उडवा. विल्फ्रेडने केलेला पतंग तो ओळखेल, त्याला इलाज नाही.

आणि त्याला खायला दे. शहाळं दे, पाव दे, जे तो घेईल ते दे. पण इस्मे, ते तुझ्या पैशांनी घे. तुझा हात आखडता आहे हे माहीत असून सांगते. लहानपणापासून तुझी एक पेनीसुद्धा मी ठेवून घेतलेली नाही, पण हे पैसे मी तुला परत करणार नाही. आत्ता नाही, नंतर नाही, मुलांच्या हातात खाऊचे म्हणूनही नाही. म्हणजे त्याने विचारलं, "आईने दिलं का?" तर तू त्याच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणशील आणि ते खरं असेल.

मी उन्हातल्या बाकावरसुद्धा येणार नाही. घरीच असेन.

जिने यातलं काहीही दिलेलं नाही, ती तुझी बहीण,
क्लोथिल्डा