देसांकासाठी पाचवी तार

७ जुलै

पुन्हा खाली! काल लग्नात पहिल्याच गाण्याला देसांकाने मागे वळून मला खूण केली — पट्टी उतरव, अजून उतरव. वर्षापूर्वी गळ्यातली गाठ काढली, तेव्हापासून माझ्या बायकोचा आवाज उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा उतरतोच आहे. आता ती पांढरी एकमध्ये गाते. माझ्या बास गिटारची सगळ्यात जाड तार पांढरी तीनला संपते. त्याखालचे सूर माझ्या बासमध्ये नाहीतच. मग मी तेच सूर वरच्या सप्तकात वाजवतो, आणि गाण्याखालची जमीन निघून जाते.

परत येताना ग्वोझ्देन गाडीत म्हणाला, “मिलिसाव, तू आज बास वाजवत होतास की मँडोलिन?” आमचा अ‍ॅकॉर्डियनवाला. एकवीस वर्षं बरोबर वाजवतोय, एवढी टिंगल चालते. देसांकाही हसली. मग खोकत राहिली.

११ जुलै

जाड तार सैल करून पाहिली. उतरते, पण दांडीवर आपटून खडखडते. नाही चालत.

१७ जुलै

बेलग्राडला जाऊन आलो. गाठ परत आलीय. ९ ऑक्टोबरला ऑपरेशन. “जीव राहील, गाणं राहणार नाही,” डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. कुजबुजण्यापुरता आवाज उरेल म्हणे.

बसमध्ये देसांका बराच वेळ बाहेरची सूर्यफुलं बघत होती. आमचं गाव चाचाक जवळ आल्यावर म्हणाली, “नेवेनाच्या लग्नात गाईन. मग पुरे.” नेवेना ग्वोझ्देनची मुलगी. आम्ही तिचे कूम — बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये तिला हातात धरलेले धर्माचे आईबाप. लग्न ७ सप्टेंबरला.

२० जुलै

चाचाकच्या वाद्यांच्या दुकानात भिंतीवर तीन बास होते. चार तारांचा, पाचांचा, सहांचा. मालक पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला म्हातारा.

“काय वाजवतोस, मास्तर?”

“लग्नं.”

“मग चार पुरतात. लग्नात खालचं ऐकतो कोण? लोक भाजलेलं डुक्कर खात असतात!”

म्हटलं, माझी बायको खाली गाते. खाली जातेय. त्याने पाच तारांचा खाली काढला.

ग्वोझ्देन बरोबर होताच. “सहा घे, सहा! वाजवणं नाही जमलं तर मोजे वाळत घालू.” पाचवी तार जाड, पांढरी तीनच्याही खाली जाणारी; सहावी बारीक, उंच सुरांची. एकट्याने मिरवायचं त्याच्यासाठी. मला उंच कशाला जायचंय? जुना बास देऊन पाच तारांचा आणला.

२८ जुलै

अंगठा ऐकत नाही! तीस वर्षं वरून पहिली तार म्हणजे पांढरी तीन. आता तिथे नवीच बसलीय. सवयीने हात तिच्यावर पडतो आणि भलताच सूर घुमतो. देसांका स्वयंपाकघरातून ओरडते, “कोण आलं रे, ट्रॅक्टर?”

पण संध्याकाळी एकदा नीट लागला. कपाटाच्या काचा थरथरल्या. ती शेंगा निवडत होती, हातातली शेंग तशीच धरून गायली. आवाजाला खाली टेकायला जागा मिळाली. किती दिवसांनी!

१६ ऑगस्ट

आई गेली. प्लमच्या झाडाखाली, टोपली हातात. प्रभू तिला विसावा देवो.

१८ ऑगस्ट

माती दिली. शेजारच्या स्तामेना आजीने आरशावर, टीव्हीवर काळं कापड टाकलं. मग बासकडे बोट — “तेही झाक, पोरा. ज्या घरातून शवपेटी निघाली, त्या घरातून वर्षभर गाणं निघत नाही.”

मला सांगायला हवं का? बाबा गेले तेव्हा आईने वर्षभर रेडिओ लावला नव्हता.

वर्ष! देसांकाकडे सात आठवडे आहेत.

२५ ऑगस्ट

प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांना विचारलं. “चर्च म्हणतं चाळीस दिवस. वर्ष लोक म्हणतात. पण मिलिसाव, तुला राहायचंय लोकांतच.” चाळीस दिवस भरतात २४ सप्टेंबरला. लग्न सातला.

देसांकाला म्हटलं, आईने माफ केलं असतं.

“तुझ्या आईने मला पहिल्यांदा ‘मुली’ म्हणून हाक मारली ती गेल्या नाताळात. बावीस वर्षांनी! आणि आता मी तिची माती ओली असताना मांडवात गाऊ?”



आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. फक्त माणसाचा गळा. आज उभ्या उभ्या मनात आलं — देवा, तुला गळा एवढा आवडतो, म्हणून का तिचा घेतोस? लगेच क्षमा मागितली. पण आलं खरं मनात.

७ सप्टेंबर

चर्चमध्ये नेवेनाच्या मागे मेणबत्त्या धरून उभे राहिलो. वाद्यं सुरू व्हायच्या आत मांडवातून निघालो. ग्वोझ्देन फाटकापर्यंत आला. “माझ्या पोरीच्या लग्नात परकी गायिका, कूम! परकी!” शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता. देसांकाने त्याची कॉलर सरळ केली, एवढंच.

११ सप्टेंबर

सुचलं! विजेची वायर न जोडता बास वाजवला तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. हनुवटी लाकडाला टेकवली की मात्र हाडांतून सगळा सूर आत येतो. घराबाहेर काहीच निघत नाही — मग आईचा मान कुठे मोडला?

देसांका समोर बसून गायली. हळू, श्वासातल्या श्वासात. मला धड ऐकू येत नव्हतं, डोक्यात बासच घुमत होता. हनुवटी उचलली की बास हरवतो, टेकवली की ती. तरी तिचे ओठ दिसत होते. बरोबर तालात.

१८ सप्टेंबर

रोज दुपारी जेवणानंतर बसतो. आज तीन गाणी झाली, अंगठा एकदाही चुकला नाही. संपल्यावर मला रडू आलं. तिला नाही. तिने कॉफी ठेवली.

२४ सप्टेंबर

चाळिसावा दिवस. थडग्यावर गव्हाचा प्रसाद ठेवला, वाइन ओतली. घरी आल्यावर विचारलं, चर्चचे दिवस भरले, वायर जोडू? एकदा तरी मोठ्याने?

“नको,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “वर्ष म्हणजे वर्ष. लोक काय म्हणतील?”

माझ्यापेक्षा कडक निघाली.

२ ऑक्टोबर

पाऊस. दोन गाणी.

८ ऑक्टोबर

दुपारच्या बसने बेलग्राडला निघायचं. सकाळी उठून, काही न विचारता, वायर जोडली. खिडक्या उघडल्या. आईची क्षमा मागितली. स्तामेना आजी अंगणात झाडू घेऊन थबकली — थबकू दे! सूर दिला. देसांका उभी राहिली, पण गायली नाही. पुन्हा दिला. तिने येऊन तळव्याने तारा दाबल्या.

“पहिले दोन दिवस गायले मी, मिलिसाव. नंतर आवाज लागलाच नाही रे. नुसते ओठ हलवत होते. तू इतकं छान वाजवत होतास.”