सफारीची रंगीत तालीम

शनिवार, संध्याकाळ. वेस्ट विंडसर, अमेरिका

केनियाला जायला आठवडा उरलाय. सफारीच्या गाइडने पाठवलेलं पत्रक आज सुधाला मोठ्याने वाचून दाखवलं. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत जीपमध्ये. भडक कपडे नकोत, उभं राहायचं नाही, प्राणी दिसला की आवाज नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ही बाई पाच मिनिटं गप्प बसलेली मी पाहिलेली नाही. वर चकल्यांचा डबा भरून तयार! कुडूमकुडूम ऐकून सिंह पळेल म्हटलं, तर म्हणाली, "पळू दे. वासाने परत येईल."

शेवटी मीच म्हटलं, ड्राइव्हवेत गाडीत तासभर गप्प बसून प्रॅक्टिस करू. रिटायर झालो तरी इंजिनियरच मी! ती आली, डबा मांडीवर घेऊन. खाकी टोपी घालून इतकी शहाण्यासारखी बसली की मलाच कसंतरी व्हायला लागलं. रागावली का? जास्त बोललो का मी? विचारणार कसं, नियम माझाच.

वीसेक मिनिटांनी शेजारच्या झाडीतून हरणं आली आणि थेट अंगणातल्या तिच्या टोमॅटोंवर तुटून पडली.

"सुधा, हरणं! हरणं बघ!"

ओरडलं कोण? मी. दार उघडून बाहेरही पडलो. हरणं पसार.

परत आत बसलो. सुधा जागची हलली नव्हती. तिने शांतपणे डबा उघडला आणि एक चकली माझ्या तोंडात कोंबली.

"जीपमध्येही हेच करणार आहे. त्यासाठीच केल्यात."

डबा आत्ताच बॅगेत ठेवला. माझ्या, सगळ्यात वर.